काढण्याआधी तिला विचारा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमच्या ओळखीच्या एक काकू ब्लाउज शिवतात. चाळीस वर्षं तरी झाली असतील. त्यांची मापाची वही लांबट, जाड पुठ्ठ्याची आहे आणि तिच्यात काही नावांपुढं पेन्सिलीनं एक बारीक फुली असते. फुली म्हणजे या बाईच्या ब्लाउजला आतून एका बाजूला खिसा शिवायचा. खिशात काय घालायचं ते जिचं तिनं ठरवायचं. कुणी घडी घातलेला रुमाल घालतं, कुणी जुन्या सुती साडीची गादी करतं. एकीनं मोहरी भरून छोटी पिशवी करून घेतली होती, कारण कापसाला वजन नसतं. वरच्या फळीवरचा डबा काढायला हात वर केला की कापूस गळ्याशी येतो. काकू माप घेताना काही विचारत नाहीत. एका बाजूची कटोरी नेहमीसारखी कापतात, दुसऱ्या बाजूचे टक्स सोडून देतात आणि अस्तर दुहेरी लावतात.

माझ्या वैनीचा एक स्तन कर्करोगात काढावा लागला, तिचं नाव त्या वहीत अकरा वर्षांपासून आहे. त्यातली पहिली सहा वर्षं तिला ठाऊकच नव्हतं की रुमालाखेरीज दुसरं काही असू शकतं. मी हे लिहायला बसले आहे ते त्या सहा वर्षांमुळं.

स्तनाच्या कर्करोगात स्तन काढावा लागणार हे एकदा ठरलं की, ऑपरेशनची तारीख पडण्याआधी त्या बाईला पुनर्रचनेचे, म्हणजे काढलेल्या जागी नवा स्तन घडवण्याचे, सगळे मार्ग सांगितले गेले पाहिजेत. प्रत्येकाचा त्रास, खर्च, लागणारा वेळ, आणि काहीच न करता सपाट राहण्याचा मार्गसुद्धा. तिच्या भाषेत आणि तिला स्वतःला. नवऱ्याला किंवा भावाला सांगितलं म्हणजे तिला सांगितलं असं होत नाही. हे सांगणं डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता सरकारनं बंधनकारक करावं, असं माझं म्हणणं आहे.

वैनीचं असं झालं. कागल तालुक्यातल्या आमच्या गावी आंघोळ करताना तिला काखेजवळ गाठ लागली. तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची. तपासणी झाली, सुईनं तुकडा काढून पाहिला आणि एका रुग्णालयात सर्जननं माझ्या भावाला पॅसेजमध्ये बाजूला घेतलं. कॅन्सर आहे, सोमवारी ऑपरेशन करू, उशीर नको. संमतीच्या कागदावर दादानं सही केली. वैनीनं खाली अंगठ्यासारखी घाईघाईत आपली सही केली. ती बारावी शिकलेली आहे, पण तो कागद इंग्रजीत होता आणि तिला कुणी वाचून दाखवला नाही. ऑपरेशननंतर थिएटरचं दार उघडलं आणि आम्हाला स्टीलच्या ट्रेमध्ये झाकलेलं काहीतरी दाखवलं. "सगळं निघालं बघा," असं सांगितलं. मी पाहिलं. दादानं मान फिरवली. वैनीला मात्र कळलं ते तिसऱ्या दिवशी, ड्रेसिंग बदलताना. गाठ काढणार एवढंच तिच्या डोक्यात होतं. नळी बाजूला धरून नर्स पट्टी सोडवत होती आणि वैनी स्वतःच्या छातीकडं बघत होती. रडली नाही. मला म्हणाली, "वन्सं, पदर द्या."

एक गोष्ट स्पष्ट सांगते. त्या सर्जनचे उपकार आम्ही विसरलेलो नाही. कर्करोगाचं काम त्यांनी चोख केलं. किमो झाली, शेक म्हणजे किरणोपचार झाला, वैनी आज ठणठणीत आहे. तक्रार हाताच्या कौशल्याची नाही. जो निर्णय तिचा होता तो तिच्यापर्यंत पोचलाच नाही, ही तक्रार आहे. सहा वर्षांनी तपासणीला गेलो असताना बाकावर शेजारी सांगलीकडच्या एक बाई बसल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की काढला त्याच दिवशी पाठीचं मांस घेऊन नवीन केला. वैनी त्यांच्याकडं बघतच राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "असंबी करता येतंय व्हय? मग मला कुणी बोललं कसं न्हाई?"

तिच्या या प्रश्नाचं कायद्याच्या अंगानं उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयानं केव्हाच देऊन ठेवलं आहे. समीरा कोहली खटल्याचा निकाल जानेवारी २००८ मधला. ४४ वर्षांची अविवाहित स्त्री दुर्बिणीच्या तपासणीसाठी टेबलावर बेशुद्ध असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि तिचं गर्भाशय व अंडाशय काढले. न्यायालय म्हणालं, रुग्ण सज्ञान आहे, शुद्धीवर येऊ शकते, जिवावर बेतलेलं नाही. मग आईच्या संमतीला अर्थ नाही. संमती म्हणजे काय हेही त्या निकालात सांगितलं आहे. उपचाराचं स्वरूप, त्याचे धोके आणि त्याला असलेले पर्याय यांची पुरेशी माहिती रुग्णाला दिलेली असली पाहिजे. पर्याय हा शब्द त्यात आहे. आपल्याकडं मात्र पॅसेजमध्ये बाजूला घेऊन भावाला सांगणं हीच संमती समजली जाते, आणि घरातली माणसंही ते मायेपोटीच करतात. तिला धक्का नको म्हणून. त्या मायेनं वैनीची सहा वर्षं घेतली.

आता पर्याय कोणते ते नीट मांडते, कारण ते ठाऊक नसतील तर हा सगळा वाद हवेत राहील.

सगळ्यात आधी, स्तन काढणं प्रत्येक वेळी गरजेचं असतंच असं नाही. अमेरिकेत विल्यम हॅलस्टेड या सर्जननं १८८० आणि ९० च्या दशकांत जी पद्धत रुजवली तिच्यात स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असं सगळं खरवडून काढत. जवळपास पाऊणशे वर्षं जगभर तेच चाललं. पुढं अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबर्टो व्हेरोनेसी यांनी मोठ्या चाचण्या घेतल्या. त्यांचे वीस वर्षांचे निकाल २००२ साली आले. योग्य रुग्णांत फक्त गाठ काढून शेक दिला तरी बाई तितकीच वर्षं जगते, हे त्यातून पक्कं झालं. तरीही आपल्या भागात आवश्यकता नसताना स्तन काढून घेणाऱ्या बायका आहेत, आणि त्यामागं पुष्कळदा शेकाचं गणित असतं. नुसती गाठ काढली तर बहुधा शेक घ्यावाच लागतो. पूर्वी तो पाच-सहा आठवडे रोज घ्यावा लागे, हल्ली तीन आठवड्यांत पंधरा वेळा देऊनही भागतं. चंदगड-आजऱ्याकडच्या बाईनं तीन आठवडे कोल्हापुरात राहायचं कुठं, घरी जनावरांचं कोण बघणार? मग ती म्हणते, काढूनच टाका. या प्रश्नावर उतारा म्हणजे रुग्णालयाजवळ राहण्याची सोय. एका स्तनापुढं तीन आठवड्यांची धर्मशाळा काहीच महाग नाही.

पण ज्यांना काढावाच लागतो त्यांचं काय, हा माझा विषय.

एक मार्ग इम्प्लांटचा. म्हणजे सिलिकॉनची पिशवी. १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला पहिल्यांदा बसवली गेली. पुष्कळदा ती थेट बसवता येत नाही, कारण उरलेली कातडी पुरत नाही. मग आधी एक्सपांडर नावाचा फुगा स्नायूच्या खाली किंवा वर ठेवतात, आणि दर आठवड्या-दोन आठवड्यांनी सुईनं त्यात सलाइन भरत कातडी हळूहळू ताणतात. गरोदरपणात पोटाची कातडी जशी सावकाश ताणली जाते तसंच. काही महिन्यांनी फुगा काढून कायमचा इम्प्लांट. ऑपरेशन त्या मानानं छोटं, शरीरावर दुसरीकडं जखम नाही. पण कायमचा म्हणायचं एवढंच; तो जन्मभर पुरेल असं धरून चालता येत नाही, पुढं बदलावा लागू शकतो. त्याच्याभोवती शरीर एक पापुद्रा तयार करतं, तो काहींच्या बाबतीत आवळत जातो, कडक होतो, दुखतो. शेक झालेल्या छातीवर हे जास्त होतं. खडबडीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटभोवती लिम्फोमा नावाचा एक दुर्मीळ कर्करोग होतो असं दिसल्यावर २०१९ मध्ये तसले इम्प्लांट जगभरातून परत घेण्यात आले. हे सगळं बाईला आधी कळायला हवं. घाबरवण्यासाठी म्हणून नव्हे, पुढं कधी कडकपणा जाणवला तर तिनं तो लपवून बसू नये म्हणून.

दुसरा मार्ग स्वतःच्याच शरीरातून मांस घेण्याचा. याला डॉक्टर फ्लॅप म्हणतात, आणि याची मुळं आपल्या मातीत आहेत. टिपूबरोबरच्या लढाईत ब्रिटिश फौजेच्या बैलगाड्या हाकणारा कावसजी नावाचा माणूस पकडला गेला, त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्या जातीतल्या कारागिरानं त्याच्या कपाळाची कातडी नाकाच्या आकारात सोडवून, दोन भुवयांमध्ये तिचा देठ तसाच ठेवून, खाली वळवून नवं नाक केलं. तो सारा वृत्तांत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आला आणि युरोपातल्या सर्जनांनी त्यावरून हे काम शिकून घेतलं. त्यातली खरी गोम देठात आहे. कातडी नुसती कापून दुसरीकडं चिकटवली तर जाडजूड तुकडा जगत नाही. तिचा रक्तपुरवठा तिच्यासोबत गेला पाहिजे. कलमाची फांदी मुख्य झाडापासून लगेच तोडत नाहीत, तसं.

पाठीचा फ्लॅप त्याच तत्त्वावर चालतो. पाठीवरचा लॅटिसिमस नावाचा रुंद स्नायू, त्यावरच्या कातडीच्या पट्ट्यासकट, काखेतल्या देठावर तसाच ठेवून आतल्या आत छातीकडं फिरवतात. इटलीच्या इजिनिओ तान्सिनीनं १९०६ साली हे लिहून ठेवलं होतं. हॅलस्टेडचा मात्र असल्या झाकाझाकीला विरोध होता, आतला रोग लपेल अशी त्याला भीती, आणि त्याच्या दबदब्यापुढं तान्सिनीचं काम मागं पडलं. १९७० च्या दशकात ते पुन्हा वर आलं. या ऑपरेशनला मायक्रोस्कोप लागत नाही, म्हणून जिथं चांगला प्लॅस्टिक सर्जन आहे तिथं ते होऊ शकतं. पाठीवरचा व्रण ब्लाउजच्या पट्टीखाली झाकता येतो. मांस कमी पडलं तर खाली छोटा इम्प्लांट किंवा पुढं चरबीची भर. तोटा असा की खांद्याची थोडी ताकद जाते. रोजच्या कामांना बहुतेकींना ते जाणवत नाही. पण डोक्यावर वैरणीचा भारा चढवणारी, हात वर करून जोर लावणारी बाई असेल तर हे आधी बोलायलाच हवं.

पोटाचा फ्लॅप हा तिसरा. ओटीपोटावरची जी जास्तीची चरबी आणि कातडी असते तिचा स्तन करायचा. १९८२ साली अमेरिकेत हार्ट्रॅम्फ यांनी पोटाचा उभा स्नायू सोबत घेऊन ही पद्धत मांडली. पण स्नायू गेला की पोट कमजोर होतं, हर्निया होऊ शकतो. म्हणून पुढच्या दहा-बारा वर्षांत स्नायू जागेवर ठेवून त्यातून येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तेवढ्या सोडवून घेण्याची रीत आली. तिला डीआयईपी म्हणतात. इथं देठ तोडावा लागतो आणि छातीतल्या रक्तवाहिनीला जोडावा लागतो. दोन-तीन मिलिमीटर रुंदीची नळी, केसाहून बारीक दोरा, मायक्रोस्कोपखाली टाके. ऑपरेशन सहा-आठ तासांचं, कधी जास्त. पहिले एक-दोन दिवस दर तासाला नर्स येऊन त्या नव्या कातडीचा रंग बघते, हात लावून ऊब बघते, कारण रक्ताची गुठळी झाली तर तातडीनं पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागतं. शंभरातल्या थोड्या जणींचा फ्लॅप जगत नाही, हेही खरं. पण जगला तर तो आपलाच असतो. उबदार असतो, वजन वाढलं-घटलं तर त्याच्यासोबत वाढतो-घटतो, आणि पुढं बदलायची कटकट नाही. सिझेरियनच्या व्रणामुळं सहसा अडत नाही. बाई फार बारीक असेल तर मात्र पोटात पुरेसं मांसच नसतं.

आमच्याकडं आणखी एक अडसर आहे आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही, तो म्हणजे मिश्री. खेड्यातल्या कित्येक बायका सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात, वैनीही लावते. ती तंबाखूच आहे. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि फ्लॅपचं सगळं भवितव्य त्याच वाहिन्यांवर. निदान महिनाभर आधी ती बंद हवी. डॉक्टर विचारतात, "सिगरेट ओढता का?" बाई प्रामाणिकपणे नाही म्हणते. मिश्रीचं नाव घेऊन विचारलं पाहिजे, तेही सासूबाई बाहेर असताना.

स्तनाग्र नंतर तिथल्याच कातडीच्या घड्या घालून करतात, भोवतीचा रंग गोंदवून. स्पर्श पूर्वीसारखा परत येत नाही. ही गोष्ट जवळजवळ कुणी सांगत नाही आणि तिचाच धक्का नंतर सगळ्यात जास्त बसतो. आणि पुनर्रचना म्हणजे एकच ऑपरेशन असंही नाही. दोन, कधी तीन टप्पे लागतात, दुसऱ्या बाजूचा स्तन जुळवून घ्यावा लागतो.

हे सगळं सांगायला किती वेळ लागतो? चांगला सर्जन अर्ध्या तासात सांगू शकतो. अर्धा तास मिळत नाही हे मला मान्य आहे. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी अकराला उभं राहून पाहिलेल्या कुणालाही मान्य होईल. म्हणून तर मी म्हणते की ते डॉक्टरांच्या चांगुलपणावर सोडू नका. मराठीत छापलेली चार पानं असावीत, चित्रांसकट. त्यात चांगले निकालही असावेत आणि बिघडलेलेही. समुपदेशक किंवा अनुभवी परिचारिकेनं ती बाईसोबत बसून वाचावीत. दोन दिवसांनी तिनं पुन्हा येऊन सांगावं. स्तनाच्या कर्करोगात दोन-चार दिवसांनी सहसा काही बिघडत नाही. गाठ हाताला लागायच्या आधी कित्येक महिने ती आत वाढलेली असते. कागदाच्या शेवटी तिची एकटीची सही असावी की मला प्लॅस्टिक सर्जनशी बोलायचं आहे, किंवा नाही.

याला काही उदाहरण आहे का? आहे. अमेरिकेत १९९८ पासून कायदा आहे की जो विमा स्तन काढण्याचा खर्च देतो त्यानं पुनर्रचनेचाही दिला पाहिजे, दुसरी बाजू जुळवण्याचा आणि बाहेरून लावायच्या कृत्रिम स्तनाचाही. न्यूयॉर्क राज्यानं २०१० मध्ये पुढं जाऊन ऑपरेशनआधी ही माहिती देणं रुग्णालयांवर बंधनकारक केलं, कारण नुसता पैशाचा हक्क असून भागलं नव्हतं. गरीब आणि इंग्रजी न येणाऱ्या बायकांपर्यंत तो पोचतच नव्हता. चंदगडच्या बाईची आणि तिथल्या स्पॅनिश बोलणाऱ्या बाईची अडचण एकच आहे.

खर्चाबाबत आपल्याकडं एक मोठा गैरसमज आहे. प्लॅस्टिक सर्जरी विम्यात बसत नाही असं सरसकट धरलं जातं, एजंटही तसंच सांगतात. विमा नियामक आयआरडीएआयनं २०१९ मध्ये वगळायच्या गोष्टींची प्रमाण भाषा ठरवून दिली. त्यात सौंदर्यासाठीची किंवा प्लॅस्टिक सर्जरी वगळली आहे, पण अपघात, भाजणं किंवा कर्करोग यानंतरची पुनर्रचना या अपवादात स्पष्ट ठेवली आहे. तुमच्या पॉलिसीचं ते पान काढून बघा. दावा फेटाळला तर त्याच वाक्यावर बोट ठेवून भांडा.

ज्यांच्याकडं विमा नाही त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली राजीव गांधींच्या नावानं सुरू झालेली, २०१७ पासून या नावानं चालणारी, आणि आता ५ लाखांपर्यंत संरक्षण देणारी. माझी मागणी अशी की या योजनेत स्तन काढणं आणि पुनर्रचना यांची जोडी एकत्र मांडावी. यादीत शेजारी शेजारी. आरोग्यमित्रानं, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसानं, एक सांगताना दुसरं सांगितलंच पाहिजे. शिवाय पुढं कधीतरी, वर्षांनी करायची असली तरी ती त्याच आजाराचा राहिलेला भाग धरावी. वैनीसारख्या हजारोजणी आहेत ज्यांची वेळ निघून गेली असं त्यांना वाटतं. ती गेलेली नसते. दहा-पंधरा वर्षांनीही पुनर्रचना होते.

आता आक्षेप. मी ते सगळे आमच्याच घरात ऐकले आहेत.

जीव वाचला हे काय थोडं झालं? थोडं नाही. पण हा प्रश्न कोल्हापुरात आपण कुणाला विचारतो ते बघा. तालमीतल्या पोराच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं की गल्ली वर्गणी काढते, त्याला पुण्याला नेते. जीव जाणार नसतो त्याचा. लंगडत का होईना, चालला असता. तरी कुणी म्हणत नाही की जिवंत आहेस ना, मग खासबागेच्या कुस्तीच्या मैदानात उतरायची हौस कशाला. शरीर पुरं असावं, आपल्याला हवं ते करता यावं, ही त्याची इच्छा आपल्याला न सांगता पटते. बाईनं तीच इच्छा बोलून दाखवली की ती नटवी ठरते. माझ्या आजीनंच वैनीला विचारलं होतं, "आता या वयात कुणाला दाखवायचाय?" वैनीनं उत्तर दिलं नाही. उत्तर असं आहे की ती एसटीत दांडी धरून उभी राहत नाही, कारण हात वर केला की रुमाल सरकतो. उन्हाळ्यात पॅडखाली घामोळं येतं. एका बाजूचं वजन गेल्यानं खांदा वर चढतो, मान आणि पाठ धरते. नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत बायकांच्या गर्दीत ती छातीपुढं दोन्ही हात बांधून उभी असते. यात कुणाला दाखवायचा प्रश्न कुठं येतो?

दुसरा आक्षेप, कर्करोग आत लपून बसेल. हॅलस्टेडची भीती तीच होती. ती खरी ठरली नाही. पुनर्रचनेमुळं रोग परत येण्याचं प्रमाण वाढत नाही, आणि परत आलाच तर तो बहुधा कातडीत किंवा कातडीखाली हाताला लागतो. हा आक्षेप काही डॉक्टरांच्याही बोलण्यात अजून येतो, म्हणून जोर देऊन सांगते आहे. मात्र शेक लागणार असेल तर पुनर्रचना लगेच की नंतर, हा खरा वैद्यकीय प्रश्न आहे आणि तो कर्करोगाच्या व प्लॅस्टिकच्या सर्जननं एकत्र बसून सोडवायचा आहे. शेकानं नवा स्तन आकसू शकतो. मधुमेह, जास्त वजन यांनीही जखम चिघळण्याचा धोका वाढतो. थांबा, असं सांगणं हेसुद्धा सांगणंच आहे. माझं भांडण गप्प राहण्याशी आहे.

तिसरा, सोय कुठं आहे? मायक्रोसर्जरी तालुक्याच्या गावी होणार नाही हे उघड आहे. त्यासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रीत मुंबई गाठावी लागेल किंवा पुणे. पण निवड करायला माहिती इथंच मिळू शकते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा रोग झाला. भारतीय बायकांत सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग आता हाच, आणि आपल्याकडं तो पाश्चात्त्य देशांपेक्षा लवकर, चाळिशी-पन्नाशीत गाठतो. पुढं तीस-चाळीस वर्षं जगायची असतात. एवढ्या बायकांना जे लागणार आहे ते जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत उभं करणं हे सरकारचं काम आहे, आणि पाठीच्या फ्लॅपपासून त्याची सुरुवात आजही करता येईल.

आणि सपाट राहण्याबद्दल. पुनर्रचना नको म्हणणारी बाई मागासलेली नसते. तिला आणखी ऑपरेशनं नको असतील, पाठीची ताकद हवी असेल, किंवा आहे ते शरीर तिनं आपलंसं केलं असेल. पण सपाट म्हणजे कसंही शिवून टाकणं नव्हे. काखेकडं कातडीचे लोंबते कोपरे न ठेवता, पट्टी चापून बसेल अशी गुळगुळीत छाती करणं हेही कसबाचं काम आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं त्याला आता स्वतंत्र नाव देऊन शब्दकोशात घेतलं आहे. वैनीच्या काखेत तो कोपरा आजही आहे. ब्लाउजच्या शिवणीला घासतो. आधी विचारलं असतं तर तिला तेवढं तरी मागता आलं असतं.

मागच्या महिन्यात मी तिला एका प्लॅस्टिक सर्जनकडं घेऊन गेले. दादा बाहेर बसला, मीही थोड्या वेळानं बाहेर आले. ती आत पाऊण तास होती. तिला शेक झालेला, त्यामुळं नुसता इम्प्लांट नको म्हणाले. पोटावर मांस नाही. पाठीचं होईल, मिश्री सोडली तर. तिनं एकच प्रश्न विचारला, असं तिनंच नंतर गाडीत सांगितलं. दोन म्हशी आहेत. पाठीचं मांस काढल्यावर धार काढता येईल का? डॉक्टर म्हणाले, दीड-दोन महिने नाही, नंतर येईल, खांदा थोडा लवकर दमेल. दादा गाडी चालवता चालवता म्हणाला की दोन महिने मी काढतो. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग खिडकीबाहेर. कागलच्या फाट्यापर्यंत काही बोलली नाही. घरी उतरताना म्हणाली, "ऊस तुटून गेला की सांगते, वन्सं. घाई करू नका."